सायनाइड म्हणजे काय? ते शरीरात काय करतं आणि रोजच्या आयुष्यात कुठे कुठे असतं?

समजा, एखाद्या माणसाला सायनाइडची विषबाधा झाली आहे आणि त्याच्या मनगटावर स्मार्टवॉच आहे. त्याला दम लागलाय, चक्कर येतेय, डोकं काम करत नाहीये. घड्याळात एसपीओटू मात्र ९८ किंवा ९९ टक्के दिसू शकतं. घड्याळ बिघडलेलं नसतं. रक्तात ऑक्सिजन खरंच भरपूर असतो. तरीही त्या माणसाच्या पेशी ऑक्सिजनवाचून गुदमरत असतात.

हे कसं होतं ते कळलं, की सायनाइडबद्दलची बाकीची गोष्ट सोपी आहे. सिनेमात सायनाइड म्हणजे गुप्तहेराच्या दाताखालची कॅप्सूल. प्रत्यक्षात तुमचा-आमचा त्याच्याशी संबंध येऊ शकतो तो जळणाऱ्या सोफ्याच्या धुरातून, नीट न शिजवलेल्या कंदातून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या "कॅन्सरवरचा रामबाण उपाय" अशा मेसेजमधून.

सायनाइड हा एकच पदार्थ नाही

कार्बनचा एक अणू आणि नायट्रोजनचा एक अणू तिहेरी बंधाने घट्ट जोडलेले असले, की त्या जोडीला सायनाइड गट म्हणतात. ही जोडी कोणाबरोबर बसली आहे, यावर ती किती घातक ते ठरतं.

हायड्रोजनबरोबर असेल तर हायड्रोजन सायनाइड. हे द्रव साधारण २६ अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा सरळ वायूच होतो, आणि श्वासातून आत जात असल्यामुळे तो सगळ्यात वेगाने परिणाम करतो. सोडियम किंवा पोटॅशियमबरोबर असेल तर पांढरे, मिठासारखे दिसणारे क्षार. हेही अतिशय विषारी.

पण हीच जोडी लोखंडाच्या अणूला घट्ट धरून बसली, की चित्र बदलतं. मिठाच्या पाकिटावर कधी कधी "अँटीकेकिंग एजंट ५३६" असं लिहिलेलं असतं. ते म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड. मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून ते अगदी थोडं घालतात. नावात सायनाइड दिसलं की "मिठात विष" असे मेसेज फिरायला लागतात. लोखंडाने सायनाइड इतकं घट्ट धरलेलं असतं, की पोटात ते सुटत नाही. अन्न नियमांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत ते वापरायला परवानगी आहे.

नावाची गोष्टही इथूनच सुरू होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये 'प्रशियन ब्लू' नावाचा गडद निळा रंग योगायोगाने तयार झाला. त्यात लोखंड आणि सायनाइड असतं. पुढे १७८२ मध्ये कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्या रंगापासून हायड्रोजन सायनाइड वेगळं काढलं. गडद निळ्यासाठी ग्रीक भाषेत 'क्यानोस' शब्द आहे, त्यावरून सायनाइड. तुमच्या प्रिंटरमधलं 'सायन' रंगाचं कार्ट्रिज त्याच शब्दाचं भावंडं. गंमत म्हणजे हा प्रशियन ब्लू आज औषध म्हणून वापरतात. थॅलियम किंवा किरणोत्सारी सीझियम पोटात गेलं तर ते आतड्यात पकडून बाहेर काढायला तो देतात.

शरीरात नेमकं काय बिघडतं?

तुमचा फोन चार्जिंगला लावलाय. प्लग बरोबर आहे, केबल चांगली आहे, वीजही येतेय. पण फोनच्या आतला चार्जिंग आयसी उडालाय. करंट दारापर्यंत पोहोचतो, बॅटरीत जात नाही. सायनाइड अगदी असंच करतं.

आपण श्वास घेतो, फुप्फुसातून ऑक्सिजन रक्तात जातो, हिमोग्लोबिन तो उचलून प्रत्येक पेशीपर्यंत नेतं. इथपर्यंत सगळं ठीक चालू असतं. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाची छोटी वीजघरं असतात. तिथे 'सायटोक्रोम सी ऑक्सिडेज' नावाचं एन्झाइम ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करायच्या साखळीतली शेवटची पायरी पूर्ण करतं. या एन्झाइमच्या मध्यभागी लोखंडाचा अणू असतो. सायनाइड नेमकं त्या लोखंडाला जाऊन चिकटतं. शेवटची पायरी बंद पडली, की मागची सगळी साखळी तुंबते.

मग पेशी ऑक्सिजनशिवाय जमेल तशी ऊर्जा काढू बघते. ती फार थोडी मिळते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचत जातं. मेंदू आणि हृदय या दोघांना ऊर्जा सतत लागते, म्हणून पहिला फटका त्यांना बसतो. वापरलाच न गेल्यामुळे ऑक्सिजन परतीच्या रक्तातही तसाच राहतो. त्यामुळे शिरेतलं रक्त नेहमीसारखं काळपट न दिसता लालभडक दिसू शकतं, आणि ऑक्सिमीटर खुशाल चांगला आकडा दाखवतो. कारण तो फक्त हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आहे का एवढंच मोजतो. पेशीने तो वापरला का, हे त्याला कळत नाही.

सुरुवातीला डोकं दुखणं, गरगरणं, श्वास आणि नाडी जलद होणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसतात. प्रमाण जास्त असेल तर झटके येतात, शुद्ध हरपते, श्वास थांबतो. सिनेमात दाखवतात तसं शांतपणे मान टाकणं वगैरे काही नसतं. आणि जे वाचतात त्यांच्यातल्या काहींना पुढे हात थरथरणं, हालचाली मंदावणं असे पार्किन्सनसारखे त्रास राहिल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

कडू बदामासारखा वास येतो, हे तुम्ही रहस्यकथांमध्ये वाचलं असेल. वास असतो, पण बऱ्याच लोकांना तो येतच नाही, आणि हे बहुधा जनुकांवर अवलंबून असतं. म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही, असं कधीच धरू नका.

आता दुसरी बाजू. थोड्या सायनाइडशी लढायची सोय शरीरात आधीपासून आहे. यकृतात 'ऱ्होडानीज' नावाचं एन्झाइम सायनाइडला गंधकाचा अणू जोडतं. त्याचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीतून निघून जातं. हा गंधक येतो आपल्या जेवणातल्या प्रथिनांमधून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झाडं सायनाइड का बनवतात?

स्वतःला वाचवायला. झाड पळू शकत नाही, म्हणून ते रसायनं वापरतं. पण स्वतःच्याच विषाने मरायचं नाही, हाही प्रश्न असतो. त्यावर झाडांनी काढलेला तोडगा मला फार हुशार वाटतो. पेशीच्या एका कप्प्यात ते सायनाइड साखरेच्या रेणूला बांधून ठेवतात, तेव्हा ते निरुपद्रवी असतं. ते सोडवणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. कोणी पान चावलं, कंद ठेचला, की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. म्हणजे सापळा खाणाऱ्याच्या तोंडातच उघडतो.

कडू बदाम, जर्दाळू, पीच आणि सफरचंद यांच्या बियांत अ‍ॅमिग्डालिन असतं. कसाव्यात लिनामारिन, ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन, बांबूच्या कोंबांत टॅक्सीफायलिन. सफरचंदाच्या एक-दोन बिया चुकून गिळल्या म्हणून घाबरायचं काही कारण नाही. अख्खी बी तशीच बाहेर पडते, आणि चावली गेली तरी एवढं थोडं सायनाइड शरीर सहज संपवतं.

ज्वारीचं मात्र आपल्या शेतकऱ्यांना चांगलंच माहीत आहे. ज्वारी कापल्यावर बुडख्याला पुन्हा फुटवे येतात, विशेषतः पाण्याचा ताण पडून मग एखादा पाऊस झाला की. हे हिरवेगार कोंब जनावरं हावरटासारखी खातात, आणि थोड्याच वेळात जनावर धापा टाकायला लागतं, थरथरतं, आडवं होतं. म्हणून पीक फुलोऱ्यात येईपर्यंत जनावरं त्यात सोडत नाहीत. वाळवलेल्या कडब्यात हे प्रमाण बरंच कमी होतं. पिकलेल्या ज्वारीच्या दाण्यात धुरिन जवळपास नसतं, त्यामुळे भाकरी बिनधास्त खा. पण "मोड आलेली कच्ची ज्वारी खा" असं सांगणारे रील्स दिसले तर थांबा. मोडात धुरिन भरपूर तयार होतं. मूग-मटकीचा नियम ज्वारीला लागू नाही.

पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब खातात तिथे, म्हणजे वास्त्याच्या भाजीच्या घरी, कोंब चिरून पाण्यात ठेवायचे, उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. त्यातलं रसायनशास्त्र कोणी सांगितलं नव्हतं, पण रीत बरोबर होती. जवसाची चटणी आपण जवस भाजून करतो, त्यानेही सायनाइड देणारे घटक कमी होतात.

साबुदाणा, कसावा आणि आफ्रिकेतला कोंझो

एकादशीला आपण जो साबुदाणा खातो तो कसावा या कंदाच्या पिठापासून होतो, आणि देशात तो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागात बनतो. कच्च्या कसाव्यात लिनामारिन असतं, कडू जातींमध्ये तर खूपच. मग साबुदाणा विषारी का नाही? कारण कंद सोलतात, किसून त्याचा लगदा करतात, भरपूर पाण्यात धुतात, खाली बसलेला स्टार्च तेवढा घेतात, मग गोळ्या करून भाजतात किंवा वाफवतात आणि वाळवतात. लिनामारिन पाण्याबरोबर निघून जातं, सुटलेलं सायनाइड उडून जातं. केरळात कप्पा, म्हणजे हाच कंद, उकडून पाणी ओतून टाकतात, त्याचंही कारण तेच.

ही मेहनत जिथे अपुरी पडते तिथे काय होतं ते आफ्रिकेत दिसलंय. सप्टेंबर २०१७ मध्ये युगांडाच्या कसेसे जिल्ह्यात कसाव्याच्या पिठाचं जेवण खाऊन ९८ लोक आजारी पडले, दोघे दगावले. त्या पिठात किलोला सरासरी ८८ मिलिग्रॅमच्या आसपास सायनाइड निघालं. आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोला १० मिलिग्रॅम.

याहून वाईट आहे तो हळूहळू होणारा आजार. १९३८ मध्ये जोव्हानी ट्रोली या इटालियन डॉक्टरने तेव्हाच्या बेल्जियन काँगोतल्या क्वांगो भागातल्या एका आजाराची नोंद केली. चांगली चालती-फिरती माणसं, त्यातही बायका आणि मुलं जास्त, अचानक पायांतली ताकद गमावत होती. पाय ताठ होत आणि ते पुन्हा कधीच बरे होत नसत. तिथल्या याका भाषेत त्याला 'कोंझो' म्हणतात, म्हणजे बांधलेले पाय.

कारण असं. दुष्काळ पडला किंवा युद्ध सुरू झालं, की लोकांकडे खायला कडू कसाव्याशिवाय काही उरत नाही. तो कित्येक दिवस भिजवून, वाळवून मग खायचा असतो. पण भूक तेवढं थांबू देत नाही. त्यात डाळी, मासे, मांस काहीच ताटात नसतं, म्हणजे सायनाइड निकामी करायला लागणारा गंधकही मिळत नाही. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळात अशा हजारावर केसेस झाल्या. एकाच कंदाने एका देशात लोकांचे पाय जातात आणि दुसऱ्या देशात त्याची खिचडी होते, फरक आहे तो पाण्याचा, वेळेचा आणि ताटातल्या प्रथिनांचा.

यावर ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी एक अगदी साधा उपाय शोधला. कसाव्याचं पीठ पाण्यात कालवायचं, चटईवर पातळ पसरायचं, उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचं. एन्झाइमला काम करायला ओल आणि वेळ मिळतो, वायू उडून जातो. मग नेहमीसारखं शिजवायचं. काँगोतल्या गावांत बायकांना ही पद्धत शिकवली, तेव्हा तिथे कोंझोच्या नव्या केसेस थांबल्या.

'व्हिटॅमिन बी१७' चा मेसेज आला तर

हा भाग नीट वाचा, कारण हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येतोच. "जर्दाळूच्या बियांत बी१७ असतं, कॅन्सर बरा होतो, औषध कंपन्या लपवतात."

बी१७ नावाचं कुठलंही जीवनसत्त्व नाही. हे अ‍ॅमिग्डालिन आणि त्यापासून बनवलेलं लेट्राइल यांना विक्रीसाठी दिलेलं नाव आहे. अमेरिकेत त्याची चाचणी झाली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॅन्सरच्या १७८ रुग्णांना ते दिलं होतं. आजार बरा झाला नाही, आयुष्य वाढलं नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन यानेही मेक्सिकोत जाऊन हे उपचार घेतले होते. १९८० मध्ये तो गेला.

युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट आकडा दिला: मोठ्या माणसाने एका वेळी जर्दाळूच्या तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या, तर सुरक्षित मर्यादा ओलांडू शकते. लहान बाळाला एक छोटी बीसुद्धा जास्त होऊ शकते. जर्दाळूचा सुका गर खायला काहीच हरकत नाही. आतली कवची फोडून मुलांना बी काढून द्यायची सवय असेल, तर ती थांबवा, आणि बी कडू लागली तर थुंकून टाका. घरात कोणाला कॅन्सर असेल तर असा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या काकांशी वाद घालत बसण्यापेक्षा रुग्णाच्या डॉक्टरांना तो दाखवा. लोक घाबरलेले असतात म्हणून असं काहीतरी धरून बसतात, त्यांची थट्टा करून उपयोग नाही.

तसं पाहिलं तर सायनाइडच्या अफवा जुन्याच. १९१० मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन वायू आढळला आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार अशी बातमी पसरली. लोकांनी चक्क धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतल्या. पृथ्वीवर काहीच झालं नाही, शेपटी अतिशय विरळ होती. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, वर्तमानपत्रं होती.

आगीच्या धुरातलं सायनाइड

शहरात राहणाऱ्या माणसाला खरा धोका इथे आहे. ज्या वस्तूत नायट्रोजन असतो ती अपुऱ्या हवेत जळली, की हायड्रोजन सायनाइड तयार होतं. सोफ्याचा आणि गादीचा पॉलियुरेथेन फोम, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक, एवढंच नाही तर लोकर आणि रेशीम हे नैसर्गिक धागेसुद्धा यात येतात.

२७ जानेवारी २०१३ च्या पहाटे ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात 'किस' नावाच्या नाइटक्लबला आग लागली. बँडने स्टेजवर आतषबाजी पेटवली, ठिणगी छताला लावलेल्या आवाज शोषणाऱ्या फोमवर गेली. २४२ जण गेले, बहुतेक विद्यार्थी, आणि बहुतेक भाजून नाही तर धुराने. त्यात कार्बन मोनॉक्साइड होता आणि सायनाइडही. एकाने रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद जाते, दुसऱ्याने पेशीची वापरायची. ब्राझीलकडे सायनाइडवरचं नवं औषध पुरेसं नव्हतं, ते अमेरिकेहून मागवावं लागलं.

म्हणून आगीत "अजून दोन मिनिटं आहेत, फोन आणि लॅपटॉप घेतो" हा हिशोब करू नका. धुरात डोकं आधी चालेनासं होतं, दार समोर असून सापडत नाही. जमिनीलगत वाकून किंवा रांगत बाहेर पडा, मागचं दार ओढून घ्या, लिफ्ट वापरू नका, बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा. तोंडावर ओला रुमाल धरला तर काजळी थोडी अडते, सायनाइड वायू अडत नाही. आणि उशीखाली, गादीवर फोन चार्जिंगला लावून झोपायची सवय असेल, तर आजपासून टेबलावर ठेवा. खाली फोमच असतो.

सिगारेटच्या धुरातही हायड्रोजन सायनाइड असतं. कमी प्रमाणात, पण रोज.

तुमच्या फोनमध्ये सायनाइड आहे का?

नाही. पण फोन बनताना त्याचा वापर होतो. फोनमधल्या कनेक्टरवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, आणि तो चढवायला बरेचदा सोन्याचा सायनाइड क्षार वापरतात. दागिन्यांवरचा मुलामाही तसाच चढवतात. खाणीतल्या दगडातून सोनं विरघळवून काढायला सायनाइडचं पातळ द्रावण वापरायची पद्धत १८८७ पासून आहे, आणि आजही जगातलं बरंचसं सोनं तसंच निघतं. ३० जानेवारी २००० ला रोमानियात बाया मारे इथे अशाच एका सोन्याच्या प्रकल्पाचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी नदीत गेलं आणि हंगेरीतल्या तिसा नदीतले मासे लाटेने मेले. "जुन्या मोबाइलमधून घरी सोनं काढा" असले व्हिडिओ बघून प्रयोग करायचा विचार असेल, तर करू नका. मिळणारं सोनं चिमूटभरसुद्धा नसतं.

विषबाधा झाली तर काय करतात?

माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा, पण बंद खोलीत वायू असण्याची शक्यता असेल तर स्वतः आत धावू नका. अशा प्रसंगी वाचवायला गेलेलाच आधी पडतो. १०८ ला फोन करून "धूर" किंवा "सायनाइड" हा शब्द स्पष्ट सांगा. अंगावर रसायन सांडलं असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. तोंडाने तोंडात श्वास देऊ नका आणि उलटी करवू नका. एसपीओटू चांगलं आहे म्हणून घरी थांबू नका. का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

हॉस्पिटलमध्ये शंभर टक्के ऑक्सिजन देतात. जुन्या उपचारात सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट असतं. थायोसल्फेट यकृताला तोच गंधक पुरवतं. नायट्राइट मात्र हिमोग्लोबिनचा काही भाग बदलून टाकतं, म्हणजे रक्ताची ऑक्सिजन न्यायची ताकद आणखी घटते, त्यामुळे धुराच्या रुग्णात ते जपून वापरावं लागतं. नवं औषध आहे हायड्रॉक्सोकोबालामिन. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या माणसाला साधारण पाच ग्रॅम शिरेतून देतात. ते गडद लाल असतं, आणि नंतर काही दिवस रुग्णाची त्वचा आणि लघवीही लाल दिसते. नातेवाईक घाबरतात, पण ते औषधामुळेच असतं.

या औषधाच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू आहे. सायनाइड लोखंडाला सोडून त्या कोबाल्टला जाऊन चिकटतं, आणि दोघांचं मिळून सायनोकोबालामिन बनतं. तुमच्या घरात बी१२ च्या गोळ्या असतील तर पाकीट उलटून बघा, बऱ्याचदा त्यावर हेच नाव असतं.